दुर्बिणीच्या आरशावर धूळ बसली आहे, पुसू का?

निशाचरी

नमस्कार मंडळी. घरात १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी फोकल लेंग्थची न्यूटोनियन (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी) दुर्बीण आहे. दोनेक वर्षं गुंडाळून ठेवली होती, गेल्या महिन्यापासून पुन्हा बाहेर काढली. काल रात्री नळीच्या तोंडातून बॅटरी मारून आत पाहिलं आणि पोटात गोळा आला. मुख्य आरशावर धुळीचा थर, वाळलेल्या थेंबांसारखे दोन-तीन डाग, आणि कडेला कोळ्याच्या जाळ्याचा एक तंतू.

चित्र नीट दिसत नाही ही मूळ तक्रार. गुरू म्हणजे कडा विस्कटलेला पांढरा गोळा, पट्टे असल्याचा नुसता भास होतो. शनीची गत त्याहून वाईट, कडं दिसतच नाही, बिंबाच्या दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ तेवढी दिसते. चंद्र मात्र २५ मिमी आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) झकास दिसतो. १० मिमी लावलं की सगळं मऊ पडतं.

चष्म्याचं कापड आणि स्पिरिट घेऊन आरसा हलक्या हाताने पुसून काढू का? की आणखी काही करायचं असतं?

गच्चीवाला

थांबा! कापड खाली ठेवा. बाकी बोलणं नंतर.

जुनाजाणता

गच्चीवाला यांना अनुमोदन. आता कारण सांगतो.

घरातल्या आरशाला चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या मागे असतो, पुढून काच पुसली तरी मुलाम्याला काही होत नाही. दुर्बिणीच्या आरशाचा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या अंगाला, उघड्यावर असतो. जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. त्यावर संरक्षक लेप असतो, पण तोही तसाच नाजूक. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. कापडाने पुसणं म्हणजे त्या कणांनी थर खरवडणं. धूळ उद्याही काढता येईल, ओरखडा कधीच निघणार नाही.

दुसरं म्हणजे बॅटरी मारून आरसा तपासू नये. तिरप्या उजेडात अगदी नवा आरसाही भयंकर दिसतो. तुमच्या दुर्बिणीत दुय्यम आरसा (प्रकाश बाजूला डोळ्याकडे वळवणारा छोटा आरसा) वाटेतच उभा आहे. त्याची रुंदी ३७ मिमी धरली तर तो एकटाच आठ टक्के प्रकाश अडवतो, आणि तरी तो तुम्हाला चित्रात दिसत नाही. धुळीच्या पातळ थराने त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा प्रकाश जात नाही. धुळीमुळे पार्श्वभूमी थोडी उजळते, अंधुक तेजोमेघांचा उठाव किंचित कमी होतो. गुरूच्या कडा विस्कटणं हे धुळीचं काम नव्हे. कारण दुसरीकडे आहे.

अनुराधा_ज्येष्ठा

शनीबद्दल निश्चिंत राहा निशाचरी, तुमची दुर्बीण खरं तेच दाखवतेय! २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. त्यानंतरचे काही महिनेही कडी आपल्याला जवळजवळ काठावरूनच दिसतात, म्हणून रेघ. त्यांचा विस्तार दोन लाख सत्तर हजार किलोमीटरांच्या वर आणि मुख्य कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर, मग काठावरून दिसणार तरी काय. याआधी असं २००९ मध्ये झालं होतं, पुढे २०३८ मध्ये होईल. कडी वर्षागणिक उघडत जातील. ही रेघसुद्धा वहीत काढून ठेवा, पुन्हा बारा वर्षं दिसायची नाही.

निशाचरी

हे वाचून एवढं हायसं वाटलं! शनीसाठी तीन रात्री स्वतःला आणि दुर्बिणीला दोष देत होते. मग गुरूचं काय?

काळोखातला

तीन प्रश्न. पाहायला कुठे बसता? नळी बाहेर ठेवल्यावर किती वेळाने पाहता? गुरू तेव्हा आकाशात किती वर असतो?

निशाचरी

सिमेंटच्या गच्चीवर. बाहेर नेली की लगेच. गुरू पूर्वेला समोरच्या छपरांच्या थोडा वर असतो, संध्याकाळी सातच्या सुमारास.

काळोखातला

मग निम्मं उत्तर इथेच आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, समोरची छपरंही तेच करतात. तुम्ही त्या लहरत्या हवेतून पाहताय. शिवाय घरातून आणलेला आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे नळीच्या आतही गरम हवेचे झोत वर चढत असतात. १३० मिमी आरशाला किमान अर्धा-पाऊण तास द्या. नळी सांजवेळीच बाहेर ठेवायची, तोंडावर झाकण नको. आणि गुरू दहाच्या पुढे चांगला डोक्यावर आला की पाहा. माती किंवा गवत असलेली जागा मिळाली तर उत्तमच.

आणखी एक अनुभव. तारे हिऱ्यासारखे लुकलुकत असले की लोक खूश होतात, पण ती रात्र ग्रहांसाठी वाईट. थोडी धुरकट, निश्चल रात्र असेल, तारे स्थिर असतील, तेव्हा गुरूवर डोळा लावून बसायचं. मला सगळ्यात बारीक तपशील दिसले ते अशा रात्री, जेव्हा आकाश पाहून कुणी दुर्बीण काढलीही नसती.

भिंगरी

सगळं पटलं, पण जुनाजाणता, 'आरशाला हात लावू नका' हे व्रत मला मान्य नाही. लोक घाबरून दहा-दहा वर्षं आरसा धूत नाहीत. झाडांचा चिकट अंश, पक्ष्यांची शिट, दमट हवेत साचलेली क्षारयुक्त धूळ, हे सगळं मुलामा खातं. मी दीड-दोन वर्षांनी माझा २०० मिमीचा आरसा धुते आणि तो अजून उत्तम आहे.

पुसणं आणि धुणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी बोटातली अंगठी काढा. आरसा बैठकीतून (नळीतल्या आधारातून) सोडवा. रबरी फुग्याने सुटी धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण पडतात. मग टबात तळाला जाड टॉवेल, त्यावर आरसा, वरून कोमट पाण्याची सौम्य धार. बहुतेक धूळ यातच जाते. नंतर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब आणि दहा मिनिटं भिजत ठेवायचं. शुद्ध कापसाचा बोळा पाण्याखालीच आरशावर ठेवून ओढायचा, त्याच्या स्वतःच्या वजनाने, बोटाचा भार शून्य. एकदा ओढला की टाकून द्यायचा, उलट फिरवायचा नाही. पुन्हा धार, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि आरसा कडेवर तिरका उभा. राहिलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपायचे. नळाचं पाणी वाळू दिलं तर क्षारांचे डाग राहतात. निशाचरींच्या आरशावरचे 'थेंब' बहुधा तेच असावेत.

जुनाजाणता

धुण्याची रीत अगदी अचूक सांगितलीत, त्यात एक शब्द बदलणार नाही. मतभेद एवढाच की दीड-दोन वर्षांनी हे मला फार वारंवार वाटतं. दर धुण्यात सूक्ष्म ओरखड्यांचा धोका असतो. मी चिकट किंवा आम्ल काही पडलं तरच धुतो. अशा गोष्टी पडल्या तर मात्र दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

भिंगरी

मान्य. पण दर महिन्याला झाकण काढून आरसा पाहा एवढं तरी म्हणा!

जुनाजाणता

म्हणतो. दर महिन्याला पाहा. बॅटरीशिवाय.

दूरचा_प्रवासी

कापडाचं काय होतं ते माझ्याकडून ऐका. शाळेत असताना भावाने आणि मी मिळून ११४ मिमी दुर्बिणीचा आरसा सुती रुमालाने गोल गोल घासून लखलखीत केला होता. दिवसा सुंदर दिसायचा. रात्री व्याधाभोवती प्रभामंडळ, चंद्राभोवती दुधाळ झाक. पुढे आरसा नव्याने ॲल्युमिनियमचा थर द्यायला पाठवावा लागला. थर नवा देता येतो हे तेव्हा कळलं, त्यामुळे जुने आरसे फेकू नका.

ओलावा

धागा आरशाचा आहे, पण आयपीस विसरू नका. आपण डोळा टेकवतो तिथे पापण्यांचं तेल लागतं, आणि मऊ पडलेल्या चित्राचा दोष कित्येकदा तिथे असतो. निशाचरी, दुसरं आयपीस लावून पाहिलंत का? आयपीसच्या भिंगांना लेन्सचा द्रव आणि लेन्स टिश्यू चालतो, पण आधी फुग्याने धूळ उडवायची आणि द्रव टिश्यूवर घ्यायचा. भिंगावर थेट ओतला तर कडेने आत झिरपतो.

दमट हवेत बुरशी ही खरी वैरीण. भिंगावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक फांद्या दिसल्या की समजावं. ती सोडत असलेलं आम्ल लेपावर कायमची खूण कोरतं. मी सगळी आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो, डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकलाय, काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहतो. जेलचा रंग पालटला की मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरतो. चामड्याच्या किंवा फोमच्या बंद पेटीत वर्षभर आयपीस पडू देऊ नये, फोम ओलावा धरून ठेवतो.

स्थिरचित्त

गच्चीची उष्णता, गरम आरसा, आयपीस, सगळं खरं. पण अंदाज कशाला? ताऱ्यालाच विचारू. निशाचरी, आरसा थंड झाल्यावर डोक्यावरचा एखादा तेजस्वी तारा १० मिमीच्या मधोमध आणा. मग फोकसर (चित्र स्पष्ट करायची सरकती नळी) थोडा आत फिरवा, तारा फुगून वर्तुळासारखा होईल, मध्ये दुय्यम आरशाची काळी सावली. आकार काय दिसतो ते लिहा. मग फोकसच्या दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा पाहा.

सावली मधोमध आणि कडी समकेंद्री असतील तर आरशांची जुळणी ठीक. सावली एका बाजूला सरकली असेल तर कोलिमेशन, म्हणजे ही जुळणी, ढळलं आहे. तारा लंबगोल दिसत असेल आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला त्याचा कल काटकोनात फिरत असेल, तर आधी स्वतःचं डोकं वळवून पाहा. लंबगोल डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा, दुर्बिणीचा नाही. कडा उकळत्या पाण्यासारख्या हलत असतील तर हवा.

नवा_भिडू

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या छोट्या दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायची काळी काच आली आहे, 'सूर्यासाठी' लिहिलेली. तिने सूर्यावरचे डाग दिसतील का?

जुनाजाणता

नवा_भिडू, ती काच आजच फेकून द्या. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून आधी फोडा. मस्करी नाही. दिवसा आपली बाहुली दोनेक मिमी असते. १३० मिमीचं तोंड तिच्या चार हजार पट प्रकाश गोळा करतं, छोट्या दुर्बिणीतही हा आकडा हजाराच्या घरात जातो. तो सगळा जिथे एकवटतो तिथेच ही काच बसते, तापते आणि पाहता पाहता तडकते. डोळा बाजूला करायला क्षणही मिळत नाही. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा होताना कळतही नाही.

सूर्य पाहायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारा. नजरेने पाहण्याच्या फिल्मची घनता ५ असते, ती लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. दर वेळी फिल्म आकाशाकडे धरून सुईएवढं छिद्र नाही ना ते पाहायचं, वाऱ्याने उडणार नाही अशी पट्टीने चिकटवायची आणि फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण घालायचं. मुलं जवळ असतील तर दुर्बीण सोडून पाऊलभरही हलायचं नाही.

नवा_भिडू

फोडली. मनापासून आभार, काका.

निशाचरी

दोन रात्री ढग, काल मोकळं मिळालं. नळी पाऊण तास बाहेर ठेवली, गच्ची सोडून खाली अंगणात बसले. १० मिमी आयपीस फुग्याने आणि लेन्स टिश्यूने साफ केलं. गुरू आधीपेक्षा नक्की बरा, पण अजून मऊ. मग व्याध मधोमध आणून फोकसर फिरवला. आकार वर्तुळ नाही! कोपरे गोलसर असलेला त्रिकोण. दुसऱ्या बाजूलाही त्रिकोण, पण उलटा. डोकं वळवून पाहिलं, त्रिकोण हलत नाही. काळी सावलीही जरा डावीकडे. हे काय आहे?

गच्चीवाला

आकाशात त्रिकोणी तारा! नाव तुम्हीच ठेवा :)

स्थिरचित्त

गुन्हेगार सापडला. मुख्य आरसा त्याच्या बैठकीत तीन क्लिपांनी धरलेला असतो. क्लिपा घट्ट आवळल्या की काच दबते. दबणं डोळ्यांना दिसण्यापलीकडचं असतं, पण आरशाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या लहानशा अंशापर्यंत अचूक लागतो. तीन ठिकाणचा दाब, म्हणून तीन कोपरे. थंडीत ॲल्युमिनियमची बैठक काचेपेक्षा जास्त आकसते, तेव्हा आणखी वाढतं. कुणी आरसा काढून परत बसवला होता का?

निशाचरी

हो. मीच. दोन वर्षांपूर्वी आत काहीतरी खुळखुळतंय म्हणून बैठक काढली होती आणि आरसा हलू नये म्हणून तिन्ही क्लिपांचे स्क्रू पक्के पिळले. त्यानंतरच चित्र आवडेनासं झालं आणि दुर्बीण गुंडाळून ठेवली. हे आत्ता लिहिताना जुळलं.

स्थिरचित्त

आरसा पडू नये म्हणून काळजी घेतलीत, जो कुणी पहिल्यांदा बैठक काढतो तो हेच करतो. आता स्क्रू इतके सैल करा की क्लिप आणि काच यांच्यामध्ये साध्या कागदाचा कपटा सहज सरकेल. आरसा किंचित खुळखुळला तरी चालेल. क्लिपांचं काम आरसा दाबणं नाही, तो बाहेर पडू न देणं.

बैठक काढाल तेव्हा कोळ्याचा तंतू फुग्याने उडवा. ते डाग राहू द्या.

भिंगरी

आरसा बाहेर निघालाच आहे तर धुऊन टाका, असं मी म्हणणार होते. पण एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. तेव्हा या खेपेला स्थिरचित्त यांचं ऐका.

अनुराधा_ज्येष्ठा

बैठक परत बसवल्यावर जुळणी करावीच लागेल. मुख्य आरशाच्या केंद्रावर छोटं गोल स्टिकर आहे का पाहा, बहुतेक आरशांना असतं. फिल्मच्या जुन्या डबीच्या किंवा फोकसरच्या झाकणाच्या बरोबर मध्ये बारीक छिद्र पाडलं की कोलिमेशनची टोपी तयार. तिच्यातून दिवसाउजेडी पाहा. आधी दुय्यम आरशाचे स्क्रू: मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा त्यात दिसल्या पाहिजेत. मग मुख्य आरशाचे मागचे स्क्रू: छिद्राचं प्रतिबिंब स्टिकरच्या मध्ये. नळी आडवी धरून करा, म्हणजे किल्ली निसटली तरी आरशावर पडणार नाही. तुमची दुर्बीण एफ/५ (फोकल लेंग्थ व्यासाच्या पाचपट) आहे, ती जुळणीबाबत हट्टी असते. एफ/८ ला थोडं ढळलेलं खपतं.

गच्चीवाला

लेझर घ्या, दोन मिनिटांत काम.

अनुराधा_ज्येष्ठा

लेझर स्वतः सरळ असेल तर. फोकसरमध्ये ठेवून गोल फिरवा. मुख्य आरशावरचा ठिपका जागीच राहिला तर विश्वास ठेवा, वर्तुळ काढू लागला तर तो लेझर तुमची चांगली जुळणीही बिघडवेल. माझ्या पहिल्या लेझरने तेच केलं होतं.

काळोखातला

शेवटचा हात ताऱ्यावर. ध्रुव उत्तम, कारण तो हलत नाही, स्क्रू फिरवेपर्यंत चित्रातून निघून जात नाही. आणि पहाटे उठणं झालं तर सप्तर्षीतला वसिष्ठ पाहा. अरुंधती त्याच्यापासून सुमारे १२ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लांब आहे, चांगली नजर तिला दुर्बिणीविना ओळखते. पण २५ मिमीतून पाहिलं की वसिष्ठ स्वतःच दोन तारे होतो, मध्ये साधारण १४ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) अंतर. दोन्ही जोड्या एकाच दृश्यात मावतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना झोपेतून उठवलं होतं.

दूरचा_प्रवासी

आणि गुरू 'एवढासा' दिसतो असं वाटणाऱ्यांसाठी हिशेब: ६५० भागिले १०, म्हणजे ६५ पट. गुरू पृथ्वीजवळ असताना त्याचं बिंब ४६ विकलांच्या आसपास, म्हणजे ६५ पटीत तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या दीडपट मोठा असतो! काळ्या पोकळीत तुलनेला काही नसतं म्हणून लहान वाटतो. पट वाढवण्याऐवजी दहा मिनिटं सलग पाहत राहा. हवा मध्येच क्षणभर थांबते, तेव्हा जे दिसतं ते खरं.

निशाचरी

मंडळी, काल रात्री साडेदहा. काय काय लिहू.

दुपारी क्लिपा सैल केल्या, कागदाचा कपटा सरकवून पाहिला. टोपी करून जुळणी केली, पहिल्यांदा तास लागला. रात्री व्याध फोकसबाहेर नेला: गोल. सावली मधोमध. तिथेच डोळ्यांत पाणी आलं.

गुरू मिथुनेत होता, म्हणून आधी शेजारच्या पुनर्वसूतल्या कॅस्टरकडे वळले. १० मिमीत एका ताऱ्याचे दोन झाले, मध्ये काळी फट. मग गुरू. दोन तपकिरी पट्टे, त्यातल्या एकाची कड दातेरी. सोबतचं दुप्पट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग) लावून १३० पट केलं, हवा थांबेपर्यंत श्वास धरून बसले, आणि पट्ट्याच्या वर एक काळाभोर, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. आधी वाटलं आरशावरची धूळच आहे! पण अर्ध्या तासात तो सरकला. गुरूच्या आयओ या चंद्राची सावली होती, नंतर तक्त्यात पडताळून पाहिलं. आईला उठवून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे तिथे आत्ता ग्रहण लागलंय?" हो, तिथे लागलं होतं.

आरशावरचे डाग आहेत तिथेच आहेत. एक शेवटची शंका: आवरताना नळीवर दव होतं. तशीच झाकण लावून आत आणली, बरोबर केलं का?

ओलावा

आता लगेच झाकण काढा. दव धरलेलं असेल तर झाकण न लावता आणायची, खोलीत नळी आडवी, तोंड किंचित खाली करून पूर्ण वाळू द्यायची, मगच झाकायची. दव पुसायचं नाही, आपोआप उडू द्यायचं. कोरडी पण गार नळी गरम दमट खोलीत आणायची असेल तेव्हा उलट: बाहेरच झाकण लावायचं आणि ती खोलीइतकी गरम झाल्यावर काढायचं.

निशाचरी

काढलं. आत बारीक वाफ धरली होती, आता उडतेय.